कळसूबाईला जायचंय? मग आधी उतरायचं प्लॅनिंग करा

जून लागला, दोन-चार सरी पडल्या की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, कळसूबाई करायचीय, चढायला अवघड आहे का रे. माझं उत्तर दरवेळी तेच, चढायला दम लागेल पण चढाल, उतरायचं काय ते आधी ठरवा. मी आत्तापर्यंत सात-आठ वेळा जाऊन आलोय, पावसात, थंडीत, एकदा तर ऐन मे महिन्यात, आणि वर पोचलाच नाही असा माणूस क्वचित बघितलाय, पण उतरताना गुडघा धरून दगडावर बसलेले, शिडीच्या तोंडाशी उभं राहून पाय पुढे टाकायला घाबरणारे, अंधार पडलाय आणि मोबाईलची बॅटरी संपत आलीय असे लोक मात्र दरवेळी दिसतात. म्हणून हे सगळं उतरणं डोक्यात ठेवूनच लिहितोय.

आधी डोंगर कसाय ते समजून घ्या, त्याचा चालताना खरंच उपयोग होतो. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, त्याच्या खालोखाल साल्हेर १५६७ मीटर. अहिल्यानगर जिल्ह्यातला अकोले तालुका आणि नाशिकमधला इगतपुरी तालुका, यांच्या हद्दीवर हा डोंगर उभा आहे. सह्याद्रीची मुख्य रांग उत्तर-दक्षिण जाते, ही रांग तिला फुटून आडवी पूर्वेकडे सरकते. उत्तरेच्या उतारावर पडलेलं पाणी दारणेला जातं, दक्षिणेचं प्रवरेला, आणि शेवटी दोन्ही गोदावरीलाच मिळतात.

आता दगड. हा सगळा काळा बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले त्यातनं झालेला. कडक थर टिकला तिथे उभा कडा, मऊ थर झिजला तिथे सपाटी. त्यामुळे कळसूबाईची चढण एकसारखी नाहीच, ती पायऱ्या-पायऱ्यांची आहे, जरा वेळ चालणं, मग एकदम कडा, मग परत पठार, मग परत कडा. जिथे जिथे कडा आला तिथे लोखंडी शिडी लावलीय, एवढं साधं गणित आहे. हे माहीत असलं की खालून बघताना घाबरायला होत नाही, कारण प्रत्येक शिडीनंतर बसायला जागा मिळणार हे माहीत असतं.

पायथ्याचं गाव बारी. घोटी-राजूर रस्त्यावर आहे, घोटीपासून पंचवीसेक किलोमीटर, आणि भंडारदऱ्याच्या थोडं अलीकडे. मुंबईकडून येणाऱ्यांनी लोकलने कसारा नाहीतर एक्सप्रेसने इगतपुरी गाठायचं, पुढे जीप किंवा एसटी. ग्रुप मोठा असेल तर कसाऱ्यावरूनच जीप ठरवलेली बरी, आणि परतीच्या वेळेचंही त्याच दादांशी तिथल्या तिथे बोलून घ्या, कारण दुपारनंतर बारी फाट्यावर एसटीची वाट बघत बसलं की सगळं वेळापत्रक कोलमडतं. पुण्याहून नाशिक हायवेने संगमनेर, तिथनं आत वळून अकोले, राजूर, शेंडी, बारी. पहाटे चढायचं तर आदल्या रात्री बारीत किंवा भंडारदऱ्यात मुक्काम करा. बारीत घरगुती जेवणाची आणि पाठ टेकायची सोय होते, रात्रभर गाडी चालवून झोप न घेता चढायला लागणारे बरेच असतात आणि उतरताना सगळ्यात जास्त तेच लडखडतात.

बारीची उंची वजा केली तर आपल्याला चढायचंय ते साडेआठशे-नऊशे मीटर. वाट एका बाजूने साडेसहा किलोमीटरच्या आसपास. सवय असलेल्याला वर जायला अडीच-तीन तास, नसलेल्याला चार धरा, आणि उतरायला तुमच्या चढायच्या वेळेच्या निम्मा वेळ लागेल असा हिशोब अजिबात करू नका, पावसाळ्यात तर उतरणंही तीन तास घेतं. इगतपुरीच्या बाजूने इंदोरे गावातनंही एक वाट आहे पण ती उभी आहे, पहिल्यांदा जात असाल तर बारीच.

कधी जायचं? मला विचाराल तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य. पाऊस ओसरलेला, सोनकीची पिवळी फुलं उतारभर, हवा धुतलेली, लांबचं दिसतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पण मस्त, फक्त पहाटे वर गार वारा झोंबतो, कानटोपी लागतेच. जुलै-ऑगस्टमध्ये ढगात चालल्यासारखं वाटतं, ते अनुभवायला जरूर जा, पण शनिवार-रविवार आणि १५ ऑगस्ट टाळा म्हणजे टाळाच. त्या दिवसांत शिडीखाली रांग लागते, चढणारे-उतरणारे एकाच शिडीवर समोरासमोर येतात, आणि ओल्या कड्याच्या कडेला तास-तास उभं राहणं हे मला तरी पटत नाही. मंगळवार-बुधवारी सुट्टी काढून जा, डोंगर वेगळाच वाटेल. मे महिन्यात गेलात तर पहाटे चारला निघून दहाच्या आत खाली या, वाटेत सावली फार नाही आणि खडक तापायला लागला की खालनं पण भाजतं. आणि मे-जूनमधलं दुपारचं वळीव, ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस, यात वीज पडते. उघडा माथा आणि लोखंडाच्या शिड्या, याचा अर्थ तुम्हाला कळला असेल. गडगडाट ऐकू आला की वर जायचा हट्ट सोडायचा, शिखर पुढच्या महिन्यात पण तिथेच असतं.

बॅगेत काय? पाणी माणशी तीन लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. वरच्या टप्प्यात शेवटच्या शिडीच्या अलीकडे एक विहीर आहे, पण तिच्या भरवशावर बाटल्या कमी नेऊ नका. चांगली ग्रिप असलेले शूज, आणि ते नवेकोरे नकोत, आठवडाभर वापरलेले हवेत. पायाची नखं आदल्या दिवशी कापा, हे कुणी सांगत नाही पण उतरताना अंगठा तासभर शूजच्या पुढच्या भागावर आपटत राहतो आणि नख वाढलेलं असेल तर काळंनिळं होऊन निघतं, माझं झालंय. हेडटॉर्च दिवसाच्या ट्रेकला पण घ्या. पावसात छत्री बिनकामाची, वारा ती दोन मिनिटांत उलटी करतो, रेनकोट किंवा पोंचो घ्या आणि मोबाईल-पाकीट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. ट्रेकिंग काठी घ्या, नसली तर बारीत साधी काठी मिळवा, चढताना नसली तरी चालेल, उतरताना तिच्यासारखी मैत्रीण नाही. खायला शेंगदाण्याचा लाडू, चिक्की, केळी, मीठ-साखरेचं पाणी. खाण्याच्या पिशव्या हातात उघड्या नेऊ नका, वाटेत माकडं असतात.

आता वाट. बारी गावातनं निघालं की घरं संपतात, ओढा लागतो, तो ओलांडून भातखाचरांच्या बांधावरनं वाट जाते. पावसाळ्यात सकाळी घोट्याइतकं पाणी असलेला ओढा दुपारी मांडीपर्यंत येऊ शकतो, तेव्हा जाताना तो कुठे सोपा आहे ते नीट बघून ठेवा, येताना कामाला येईल. खाचरातनं चालताना बांध सोडू नका, लावणी झालेली असते, कुणाच्या तरी वर्षभराच्या भातावर पाय पडतो. पुढे पायथ्याशी देवीचं मंदिर आहे, ज्यांना वर जाणं झेपत नाही ते इथेच दर्शन घेतात. घरातल्या वयस्कर माणसांना आणलं असेल तर त्यांना खुशाल इथे थांबू द्या, त्यात कमीपणा काही नाही.

मंदिराच्या पुढे खरी चढण सुरू होते, आणि पहिला अर्धा-पाऊण तास सगळ्यात जास्त माणसं इथेच चुकतात. थंड हवा, ताजे पाय, सगळे धावत सुटतात, आणि पहिल्या शिडीखाली धापा टाकत बसतात. एकच नियम पाळा, शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्याच स्पीडने चालायचं. बोलताना वाक्य तुटायला लागलं की स्पीड कमी. गुडघे चढताना जेवढे वाचवाल तेवढे उतरताना शिल्लक राहतात.

मग शिड्या. तीन-चार मोठे टप्पे आहेत, बाजूला रेलिंग आहे, लहान मुलं आणि नऊवारीतल्या आज्या पण चढून जातात. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी नजर समोरच्या पायरीवर ठेवायची, खाली नाही आणि वर पण नाही. एका वेळी एक हात सोडायचा, मोबाईल खिशात, आणि पुढच्या माणसात नि आपल्यात तीन-चार पायऱ्यांचं अंतर, कारण पुढचा सटकला तर तो तुमच्यावर येतो. पावसात त्या लोखंडाला हात लावला की गारठा थेट कोपरापर्यंत जातो, बोटं बधिर होतात आणि पकड आहे की सुटली तेच कळेनासं होतं. अशावेळी पठारावर पोचल्यावर हात काखेत धरून गरम करून घ्या, मगच पुढची शिडी.

मधल्या पठारांवर गावातल्या लोकांचे छोटे स्टॉल लागतात, लिंबू सरबत, चहा, भजी, मॅगी. वरच्या ग्लासाची किंमत खालच्यापेक्षा जास्त असते तर कृपा करून घासाघीस करू नका. पाण्याचा कॅन, स्टोव्ह, साखर, लिंबं हे सगळं कुणीतरी डोक्यावर घेऊन त्याच शिड्यांवरनं आणलेलं असतं. मागच्या सप्टेंबरमध्ये एक मावशी माझ्या पुढे होत्या, डोक्यावर चुंबळ, त्यावर भरलेला कॅन, पायात साधी स्लीपर, आणि शिडीच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी एक सेकंद थांबून आधी पायरीला हात लावून नमस्कार केला, मग पाय ठेवला. रोज चढणारी बाई रोज थांबते, मला ते फार शिकवून गेलं, तेव्हापासून मी पण प्रत्येक शिडीखाली एक मिनिट थांबतो, श्वास बसेपर्यंत.

विहिरीजवळचं शेवटचं पठार आलं की समोर माथ्याचा सुळका दिसतो, तिथनं शेवटची शिडी. माथा छोटासा आहे, मधोमध देवीचं बुटकं मंदिर, त्यात तीन-चार माणसं जेमतेम मावतात. नवरात्रात इथे यात्रा असते, आसपासच्या गावांची गर्दी होते. गोष्ट अशी सांगतात की कळसू नावाची मुलगी पाटलाकडे कामाला राहिली, भांडी आणि केरवारे सोडून बाकी सगळं करीन या अटीवर. एक दिवस तिला तेच करायला लावलं, तेव्हा ती काम टाकून या डोंगरावर निघून आली आणि इथेच राहिली. तिने भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर काढला तो काळदरा. ज्या केरासाठी ती घर सोडून इथे आली, तोच केर आपण चिप्सच्या पाकिटांच्या आणि बाटल्यांच्या रूपात तिच्या दारात टाकून येतो, हे बघून मला खरंच त्रास होतो. एक रिकामी पिशवी सोबत ठेवा, आपला कचरा तर खाली आणाच, जमलं तर दुसऱ्याच्या चार बाटल्या पण.

हवा मोकळी असेल तर वरनं काय काय दिसतं ते ओळखायला मजा येते. पश्चिमेला आपल्याच रांगेत सगळ्यात जवळ अलंग, मग मदन, मग कुलंग. दक्षिणेला खाली भंडारदऱ्याचा जलाशय, १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाचा, त्याच्या पलीकडे रतनगड, आणि लांब हरिश्चंद्रगड. पूर्वेला बितनगड, पट्टा, औंढा. उत्तरेला त्र्यंबकची रांग. हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, स्पीकर लावून नाचायची जागा नाही.

वर अर्धा-पाऊण तास पुरे, आणि काही झालं तरी दुपारी बाराच्या पुढे माथ्यावर थांबू नका. निघायच्या आधी लेस घट्ट बांधा, टाच मागे बसवून घोट्याजवळ आवळून, म्हणजे अंगठा पुढे आपटत नाही. बॅगेतलं जड सामान खाली, पाठीला चिकटून. शिडी ओली असेल तर तोंड शिडीकडे करून उतरा, घरातली शिडी उतरतो तसंच, लोक हसले तर हसू द्या. मातीच्या उतारावर छोटी पावलं, गुडघा किंचित वाकलेला, टाच रोवून पळत सुटायचं नाही. ओल्या शेवाळलेल्या दगडापेक्षा त्याच्या बाजूचं गवत किंवा खडबडीत दगड बरा. दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं थांबा, पाणी प्या, दमला नसाल तरी प्या. ग्रुपमधला सगळ्यात हळू माणूस पुढे ठेवा आणि सगळ्यात अनुभवी मागे. आम्ही एकदा हे उलटं केलं होतं, हळू चालणारा मित्र मागे एकटा राहिला, त्याचा पाय मुरगळला आणि आम्हाला ते पुढच्या पठारावर पोचून अर्धा तास झाल्यावर कळलं.

बारीत पोचलात की लगेच गाडीत बसू नका. शूज काढा, पिंडऱ्या आणि मांड्या ताणून घ्या, पिठलं-भाकरी किंवा जे गरम मिळेल ते पोटभर खा, ज्याला गाडी चालवायचीय त्याने अर्धा तास डोळे मिटून घ्यावेत. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतीलच, जिना उतरताना तर जास्तच, तो दिवस जमलं तर सुट्टीचा ठेवा आणि थोडं थोडं चालत राहा, नुसतं झोपून राहिलात तर तिसऱ्या दिवशी पण तेच दुखणं.