लाखी की व्हाइसमध्ये दाबलेलं नाणं? एरर कॉइन घेताना या चुका टाळा

एका प्रदर्शनात मी पाच रुपयांची ‘लाखी’ विकत घेतली होती. लाखी म्हणजे टांकसाळीतल्या चुकीमुळे दोन्ही बाजूंना एकच चित्र आलेलं नाणं, एररचा म्हणजे चुकीच्या नाण्यांचा एक प्रकार. जुनं, जाड, तांबं-निकेलचं नाणं. एका बाजूला सिंह नीट उठावदार, दुसऱ्या बाजूला तेच सिंह खोलगट आणि आरशात दिसावेत तसे उलटे. घरी येऊन दिव्याखाली दहापट भिंगातून पाहिलं, तर त्या खोलगट सिंहांच्या पायाशी मूळच्या पाचाच्या आकड्याची कड चपटी होऊन उरलेली. म्हणजे टांकसाळीतून धडधाकट बाहेर पडलेलं नाणं कुणीतरी दुसऱ्या नाण्यासोबत व्हाइसमध्ये, म्हणजे स्क्रूने आवळायच्या लोखंडी पकडीत, आवळलं होतं.

तेव्हापासून नाणं हातात आलं की मी आधी एकच गोष्ट विचारतो: ही चूक टांकसाळीत नेमकी कोणत्या टप्प्यावर झाली असेल? चकती कापताना, ठसा बसवताना की ठोका पडताना? तिन्हींपैकी कुठेच बसत नसेल, तर ते नंतर झालेलं नुकसान आहे.

लाखीचंच बघा. ठोका पडल्यावर नाणं बाहेर न पडता वरच्या ठशाला चिकटून बसतं. पुढची कोरी चकती खाली आली की खालचा ठसा आपलं काम बरोबर करतो, पण वरून मात्र ते चिकटलेलं नाणंच तिच्यात रुततं. म्हणून पूर्ण लाखीत दोन्ही बाजूंना एकच चित्र येतं, एकीकडे उठावाचं, दुसरीकडे खोल आणि उलटं. चिकटलेलं नाणं आणखी काही ठोके खात राहिलं तर पातळ होऊन पसरतं आणि पुढच्या चकत्यांवरचं चित्र मोठं, फिसकटलेलं येतं. त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. संशय घ्यायचा तो खोल चित्राखाली तिसरंच काही डोकावत असेल तेव्हा. घाईत लोक नेमकी तीच जागा बघत नाहीत.

कटिंगच्या, म्हणजे कडेला खाच असलेल्या नाण्यांत फसवणूक आणखी सोपी, कारण कानस प्रत्येकाकडे असते. पत्रा नीट पुढे न सरकल्यामुळे आधीच पडलेल्या भोकावर पंच पुन्हा पडला, की चकतीला चंद्रकोरीसारखी खाच येते. ही खाच ठोक्याच्या आधीची असते. त्यामुळे तिच्याजवळची अक्षरं कडेकडे ओढल्यासारखी दिसतात आणि खाचेच्या बरोबर समोरची किनार बहुतेक वेळा पुसट राहते, कारण किनार उचलताना तिथल्या धातूला समोरून आधारच मिळालेला नसतो. अभ्यासक याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. अक्षर सुरीने कापल्यासारखं तुटलंय आणि समोरची किनार ठणठणीत, तर नाणं खाली ठेवा.

दहा रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्यात मधली चकती गायब किंवा उलटी बसलेली दाखवतात. मधला भाग ठोकून काढता येतो आणि दाबून परतही बसवता येतो. खरोखर चकतीविना ठोका पडला असेल, तर कड्याचा धातू भोकाकडे सरकलेला असतो. आतली कड साफ आणि त्यावर चकती अडकल्याची खूण असेल, तर तिथे आधी चकती होती.

वजनकाटा न वापरणं ही तर फार महागात पडणारी चूक. ते जाड पाच रुपये 9 ग्रॅमचं आणि 23 मिलिमीटरचं, 1992 मध्ये आलेला स्टीलचा रुपया 4.85 ग्रॅमचा. ‘पातळ चकती’ म्हणून विकलेलं नाणं हलकं असेल, पण त्यावरचं प्रत्येक अक्षर सारखंच झिजल्यासारखं, पृष्ठभाग खरखरीत, तर ते ॲसिडमध्ये बुडवलेलं आहे. लोहचुंबकही खिशात असू द्या. स्टीलचं नाणं त्याला चिकटतं, तांबं-निकेलचं चिकटत नाही.

काही नाणी खोटी नसतात, पण एररही नसतात. सालाखाली टांकसाळीची खूण नाही म्हणून ‘मिंटमार्क मिसिंग’ सांगतात, पण कोलकात्याची नाणी बिनखुणेचीच असतात. मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. 1985 च्या काही रुपयांवर ‘एच’ आहे, कारण ते बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीत पाडले गेले. दहा रुपयांच्या नाण्यांचंही तसंच. 2018 च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने सगळे 14 नमुने वैध असल्याचं जाहीर केलं, तरी दहा रेघांचं आणि पंधरा रेघांचं यात एक खोटं, असं अजून ऐकू येतं.

फिरलेल्या ठशाची, म्हणजे एक बाजू दुसरीच्या मानाने फिरून उमटल्याची गल्लत जास्त करून परदेशी नाण्यांत होते. आपलं नाणं सिंह सरळ धरून पुस्तकाच्या पानासारखं उलटलं, की मागची बाजूही सरळ यायला हवी. अमेरिकेतल्या नातेवाइकाने दिलेलं क्वार्टर असंच उलटलं तर उलटं दिसेल. तिथे तीच रीत आहे. आपल्या नाण्यांत दहा-पंधरा अंशांच्या फरकाला मी तरी जास्त पैसे देणार नाही, पूर्ण उलटं असेल तर जरूर देईन.

फोनवर ‘वैष्णोदेवीचं नाणं लाखांत घेतो, आधी फी भरा’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या नावाने फी किंवा कमिशन मागणाऱ्यांबद्दल बँकेने 2021 च्या ऑगस्टमध्ये स्वतःच सावध केलं आहे.

आणि नाणं सापडलं की चिंच, ब्रासो, टूथपेस्ट काहीही लावू नका. ठोक्याच्या वेळी धातू वाहतो त्याच्या बारीक रेषा पृष्ठभागावर राहतात आणि पारखी माणूस त्याच शोधतो. चकचकीत घासलेली लाखी मी पाहिली आहे. ती खरी असावी असं अजूनही वाटतं, पण त्या रेषा गेल्यामुळे कुणीच घेतली नाही.