‘त्याला सगळं दिसतं’ म्हणण्याआधी: मुलांच्या डोळ्यांबाबत या चुका टाळा

चवथीला आमच्या घरी माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर फळं-फुलं टांगतात त्या चौकटीखाली, पोरांचा खेळ चालला होता. एक डोळा झाकायचा आणि कुठलं फळ कुठे टांगलंय ते सांगायचं. पाच वर्षांच्या भाच्याने डावा डोळा झाकून आंबाडे, सुपारीचा घड, लाल कवंडळ असं सगळं घडाघडा सांगितलं. उजवा झाकला तेव्हा मात्र तो हात बाजूला सारायला लागला. पुन्हा झाकला, पुन्हा सारला. ‘लाडावलाय मेला,’ म्हणून आजी हसली. पुढे तपासणीत कळलं की डाव्या डोळ्याचा नंबर बराच मोठा होता आणि मेंदूने तो डोळा वापरणंच सोडलं होतं. यालाच ‘आळशी डोळा’ म्हणतात.

सगळ्यात मोठी चूक हीच, की आपण मुलाच्या तक्रारीची वाट बघत बसतो. त्याला जन्मापासून जसं दिसतं, तसंच सगळ्यांना दिसतं असं ते धरून चालतं. एक डोळा चांगला असला की धावणं, चित्रं रंगवणं, सगळं बिनबोभाट चालतं. उपचार म्हणजे चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. सात-आठ वर्षांच्या आत सुरू केले तर गुण चांगला येतो, पुढे ते अवघड होत जातं. म्हणून घरी हा झाकाझाकीचा खेळ खेळाच, पण शाळेत घालण्याआधी एकदा डॉक्टरांकडूनही डोळे तपासून घ्या.

तान्ह्या बाळाची नजर तीन-चार महिन्यांपर्यंत अधूनमधून तिरकी होते. त्यानंतरही होत असेल तर ‘तिरळा म्हणजे नशीबवान’ हे ऐकून गप्प बसू नका. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एक बाहुली पांढरी चमकली तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. मोतीबिंदू किंवा डोळ्यातली गाठही असू शकते. बाळ ३४ आठवड्यांच्या आत जन्मलं असेल किंवा वजन दोन किलोपेक्षा कमी असेल, तर पहिल्या ३० दिवसांत पडद्याची तपासणी व्हायलाच हवी.

‘चष्मा लावला की नंबर वाढतो’ हे खरं नाही. वाढत्या वयात डोळ्याचा गोळा लांबतो म्हणून तो वाढतो. त्याला थोडा आवर घालतो तो बाहेरचा उजेड: दिवसाकाठी दोनेक तास अंगणात, मैदानात. भात भरवताना हातात मोबाइल देणं आधी बंद करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला फार तर एक तास स्क्रीन, दोन वर्षांच्या आत मुळीच नाही.

काजळाने डोळे मोठे होत नाहीत. बाजारच्या काजळात शिसं असू शकतं आणि घरच्या काजळासोबत बोट डोळ्यात जातं.

पावसाळ्यात डोळे येतात, ते बहुतेक विषाणूमुळे. नुसतं बघून लागण होत नाही, हात आणि टॉवेल यांतून होते. इथली खरी चूक म्हणजे मागच्या वेळचे उरलेले थेंब घालणं किंवा फार्मसीतून ‘लगेच बरं करणारे’ आणणं. त्यात स्टिरॉइड असेल तर लाली झटकन जाते, पण असे थेंब वरचेवर घातले तर डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. बाटली फोडून महिना झाला की टाकून द्या.

मशिंगाची (शेवग्याची) भाजी, पपई द्याच, पण अ जीवनसत्त्वाचे डोसही चुकवू नका. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत ते एकूण नऊ असतात. पहिला लसीबरोबर होऊन जातो, पुढचे विसरले जातात.

आणि चुना. घुमट आरतीला जमलेल्यांसाठी पानाचं तबक खाली ठेवलेलं असतं, आजोबांच्या खिशात पुडी असते. मूल ती दाबतं आणि चुना थेट डोळ्यात उडतो. तो आत आत भाजत जातो. अशा वेळी आधी दवाखान्याकडे पळू नका. जागेवरच पापण्या उघड्या धरून नळाच्या पाण्याखाली निदान २० मिनिटं सलग धुवा. पापणीखाली कण दिसले तर ओल्या स्वच्छ कापडाने अलगद काढा. तूप, दूध, मध काही घालू नका. मग लगेच हॉस्पिटल, रडणं थांबलं असलं तरीही.