टाळूची प्लेट बसवल्यावर बोलणं परत कसं आणायचं

2021 ला आमच्या आप्पांचं म्युकरचं (काळ्या बुरशीचं) ऑपरेशन झालं, वरचा जबडा उजवीकडून काढावा लागला. घरी आल्यावर नातवाला 'बाबू' म्हणून हाक मारली ती आम्हाला 'मामू' ऐकू आली, डाळ मागितली तर 'नाळ'. त्यानंतर ते बोलायचेच बंद झाले. गुटख्याच्या कॅन्सरमुळे वरचा जबडा काढलेल्यांचंही असंच होतं म्हणून हे लिहितोय.

प, ब, ट, ड, द म्हणायला हवा तोंडात कोंडावी लागते. जबडा काढल्यामुळे टाळूला भोक असलं की ती नाकातून निघून जाते आणि ब चा म होतो, ड चा न. म, न मुळातच नाकातले, ते चांगले येतात. प्लेट ते भोक बुजवते. पहिली प्लेट बहुतेक ऑपरेशनच्या वेळीच लावतात, मग मधल्या काळाची, आणि जखम नीट भरली की साधारण 3 ते 6 महिन्यांनी पक्की, शेक (रेडिएशन) घेतले असतील तर अजून उशिरा.

आता महत्त्वाचं. बोलणं नाकात जातंय म्हणजे पेशंट प्रयत्न करत नाही असं समजू नका, आधी प्लेट बघा. 'पापड, डबा' एकदा साधं म्हणायला लावा, एकदा नाक चिमटीत धरून, आवाजात मोठा फरक पडला तर हवा गळतेय. नाकाखाली छोटा आरसा धरून 'पपप' म्हटल्यावर आरशावर वाफ आली तरी तेच, आणि पाणी पिताना नाकातून आलं तर विचारायलाच नको. जखम आकसत जाते म्हणून सुरुवातीला प्लेट सारखी ढिली होते, डॉक्टर आतून भर घालून देतात, त्यासाठी खेपा माराव्याच लागतात. घरी कानस लावू नका, कापूस कोंबू नका.

प्लेट नीट बसली की सराव. आम्ही रोज थोडा थोडा वेळ पेपर मोठ्याने वाचायचो, हळू, तोंड मोठं उघडून, आणि मोबाईलवर रेकॉर्ड करायचो. आधी बाप, पापड, भाकर, मग वाटी, डबा, आणि स, श, च शेवटी, कारण प्लेट जाड असली की जीभ अडखळते. काही आठवड्यांनीही स फसफसत असेल तर तेच रेकॉर्डिंग डॉक्टरांना ऐकवा, प्लेट पातळ करता येते. स्पीच थेरपिस्ट मिळाला तर सोडू नका.

प्लेट धुताना खाली पाण्याचं भगुणं ठेवा, हातातून सटकली तरी फुटत नाही. गरम पाणी नको, वाकडी होते. रात्री काढायची की नाही ते डॉक्टरांनाच विचारा.

आणि त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, थांबा. फोन सगळ्यात अवघड, तिथे ओठ दिसत नाहीत, म्हणून पहिला फोन जवळच्या माणसालाच लावून द्या. आप्पांनी धुळ्याच्या आत्याला केला. तिने अहिराणीत विचारलं काय चालू शे, आप्पा म्हणाले, 'भाकर खाई रायनू.' भ अगदी स्वच्छ आला.