जंगलतोडीचे परिणाम व्हाळाच्या पाण्यावरून कसे नोंदवावेत

सिंधुदुर्गातील सावंतवाडी-दोडामार्गच्या डोंगरपट्ट्यात सह्याद्रीचे सदाहरित आणि निमसदाहरित जंगल अजून टिकून आहे. परंतु त्यातील पुष्कळशी जमीन खासगी मालकीची असल्याने गेल्या काही दशकांत अनेक उतार साफ होऊन तेथे रबर, अननस आणि काजूच्या बागा उभ्या राहिल्या. झाडे तोडलेली सर्वांना दिसतात. त्या तोडीने पाण्याचे आणि मातीचे काय झाले हे मात्र कित्येक वर्षांनी कळते, आणि तोवर पूर्वीची स्थिती कोणाला नेमकी आठवत नाही. म्हणून गावाने स्वतः नोंदींची वही घालावी. त्यासाठी दहा लिटरची बादली, सेकंद दाखवणारे घड्याळ, दोन पारदर्शक बाटल्या आणि दोन्ही तोंडे कापलेला पत्र्याचा डबा एवढे साहित्य पुरते.

मोजणीपूर्वी जागा विचारपूर्वक निवडावी. एक व्हाळ, म्हणजे डोंगरातून येणारा लहान ओढा, तोड झालेल्या उतारावरून येणारा घ्यावा आणि दुसरा, शक्यतो त्याच डोंगरावरचा, देवराईतून किंवा राखलेल्या रानातून येणारा घ्यावा. एकाच व्हाळाचे पाणी यंदा घटले तर ते पावसामुळे की तोडीमुळे हे सांगता येत नाही; जवळजवळच्या दोन व्हाळांवर साधारण सारखाच पाऊस पडतो, त्यामुळे त्यांच्यातला फरक अर्थपूर्ण ठरतो. वरच्या अंगाला पंप किंवा बंधारा असलेला व्हाळ घेऊ नये.

दिवाळीनंतर दर पंधरवड्याला दोन्हीकडचे पाणी एकाच सकाळी मोजावे. सगळी धार पोफळीच्या पन्हळीतून बादलीत पडेल अशी सोय करावी, तीनदा मोजावे आणि सरासरी लिहावी. दहा लिटरची बादली 25 सेकंदांत भरली, तर प्रवाह मिनिटाला 24 लिटर झाला. व्हाळ कोणत्या तारखेला आटला ही नोंद मला सर्वांत मोलाची वाटते, कारण बायकांची पाण्यासाठीची पायपीट त्या तारखेपासून वाढते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे ध्यानात ठेवावी लागते. झाडे जमिनीतले पाणी शोषून पानांवाटे हवेत सोडतात. ती नाहीशी झाल्यावर सुरुवातीची एक-दोन वर्षे व्हाळाचे पाणी वाढलेलेही दिसू शकते. तेवढ्यावरून तोडीने नुकसान झाले नाही असा निष्कर्ष काढू नये. पालापाचोळ्याचे आवरण गेले, मुळांनी आणि गांडुळांनी केलेल्या वाटा बुजल्या आणि उघड्या मातीवर पावसाचे थेंब आदळून तिचा वरचा थर दबला, की पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते आणि उन्हाळ्यातला झरा क्षीण होत जातो. म्हणून निदान पाच वर्षांच्या नोंदी हव्यात.

मुरण्याची चाचणी सोपी आहे. डबा जमिनीत सुमारे 5 सेंटिमीटर दाबून बसवावा, त्यात अर्धा लिटर पाणी ओतावे आणि ते जिरायला लागलेला वेळ लिहावा. रानात आणि बागेत, एकाच दिवशी, प्रत्येकी पाच ठिकाणी ही चाचणी करावी. दगड किंवा मूळ आडवे आले तर जागा बदलावी.

पावसाळ्यात मोठ्या सरीनंतर दोन्ही व्हाळांचे पाणी बाटल्यांत भरून रात्रभर स्थिर ठेवावे आणि तळाशी बसलेल्या गाळाची जाडी पट्टीने मोजावी. भर पुरात व्हाळात उतरू नये; काठावरून दोरीला बांधलेल्या भांड्याने पाणी घ्यावे.

उताराकडेही लक्ष असू द्यावे. तोडलेल्या झाडांची मुळे कुजायला काही वर्षे लागतात आणि तोवर ती माती धरून ठेवतात, त्यामुळे तोडीनंतरचा पहिला पावसाळा निभावला म्हणून उतार भक्कम आहे असे समजणे धोक्याचे आहे. जमिनीला नवी भेग पडली, झाडे किंवा खांब कलले, अथवा झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, तर वहीत लिहीत न बसता उताराखालची घरे प्रथम रिकामी करावीत आणि तलाठ्यांना व तहसील कार्यालयाला कळवावे.

उपग्रहाची चित्रे पाहून नोंदींना फाटा देऊ नये. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार एक हेक्टरहून मोठ्या जागेवर 10 टक्क्यांहून अधिक झाडोरा असेल तर ती जागा वनाच्छादनात धरली जाते, मग तेथे जुने रान असो की बाग. रबराची बाग वरून हिरवीच दिसते. परंतु धनेश पक्ष्याला घरट्यासाठी लागणारी म्हाताऱ्या झाडाची ढोली तिच्यात नसते. फळांवर आलेली रानझाडे आणि त्यांवर दिसलेले धनेश यांची म्हणूनच वेगळी दोन पाने ठेवावीत.

दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस वहीची एक प्रत ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे द्यावी आणि लोकजैवविविधता नोंदवहीत तिचा समावेश करण्याची लेखी विनंती करून पोच घ्यावी. मूळ वही गावातच राहू द्यावी.