कोलोराडोच्या पब्लिक लँडवर पायी एल्कची शिकार: आधी ओझ्याचं गणित, मग बंदूक

एल्क, म्हणजे उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण, पडल्यावर पहिल्यांदा जवळ गेलं की माणूस दोन मिनिटं गप्पच होतो, कारण दुर्बिणीतून हरणाएवढं दिसणारं जनावर प्रत्यक्षात घोड्याएवढं असतं. मोठा नर ३०० किलोच्या पुढे, मादी सव्वादोनशेच्या आसपास, आणि आपली गाडी तीन मैल लांब, मधे एक घळ आणि दमवणारा चढ. एटीव्ही (रानवाटांवर चालणारी छोटी चारचाकी) नाही, घोडे नाहीत, शिकारीची सगळी सोय करणारा, पैसे देऊन आणलेला आऊटफिटर नाही. म्हणून मी नव्या माणसाला सगळं प्लॅनिंग उलट्या टोकाने करायला सांगतो, आधी मांस गाडीपर्यंत कसं येणार ते ठरवा आणि मग शिकार कुठे करायची ते बघा.

हिशोब करून बघा. हाडं काढली तरी मोठ्या नराचं मांस शंभर किलोच्या आसपास जातं, मादीचं साठ-सत्तर. डोंगरात पाठीवर एका वेळी २५ किलो हे धडधाकट माणसाला झेपणारं ओझं, तीस म्हणजे गुडघ्यांवर अत्याचार. म्हणजे नराच्या चार फेऱ्या. एकटे असाल आणि अंतर तीन मैल असेल तर चार वेळा ओझं घेऊन खाली आणि तीन वेळा रिकामं परत वर, सातदा तीन मैल, झाले २१ मैल, आणि हे सगळं १० हजार फुटांवर जिथे नुसतं चालतानाही दम लागतो. म्हणून माझा नियम असा की एकटा असेन तर गाडीपासून दीड मैल, फार तर दोन, जोडीला कोणी असेल तर तीन, आणि शक्यतो जनावर गाडीपेक्षा वरच्या अंगाला पडलं पाहिजे, कारण भरल्या सॅकने चढ चढणं आणि उतरणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. खाली घळीत सुंदर नर उभा आहे, वारा बरोबर आहे, नेम लागतोय, तरी मी दोनदा गोळी न मारता परत आलोय आणि त्याचं मला एकदाही वाईट वाटलं नाही. तिथून ते मांस खराब व्हायच्या आत माझ्याच्याने निघालं नसतं.

आता कागदपत्रं, हे पटकन उरकतो पण वगळू नका. कोलोराडोत १ जानेवारी १९४९ ला किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला लायसन्सआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. आपल्यातले बरेच जण व्हिसावर असतात, त्यांनी हे नीट वाचा: एच-वन-बी सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगायला फेडरल कायद्याची मनाई आहे, पण वैध हंटिंग लायसन्स असेल तर त्याला अपवाद आहे, त्यामुळे आधी लायसन्स आणि नंतर बंदुकीला हात, क्रम चुकवू नका आणि तरी शंका असेल तर वकिलाला विचारा, मित्राला नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. एल्कसाठी रायफल किमान .२४ कॅलिबरची हवी. रायफल सीझनमध्ये कमरेच्या वर ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कपडा आणि त्याच रंगाची टोपी सक्तीची आहे. कुठल्या युनिटला (शिकारीसाठी आखलेल्या विभागाला) ड्रॉ, म्हणजे लायसन्सची सोडत, लागतो आणि कुठलं लायसन्स थेट मिळतं हे बदलत राहतं, त्यामुळे दर वर्षीची पुस्तिका नव्याने वाचायची, गेल्या वर्षीच्या आठवणीवर जायचं नाही.

जमिनीचं म्हणाल तर या देशात पायी शिकाऱ्याइतका श्रीमंत माणूस नाही असं मला मनापासून वाटतं. पब्लिक लँड म्हणजे सरकारी जमीन, त्यातली एकट्या बीएलएम (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट) या केंद्रीय खात्याकडे साधारण २४.५ कोटी एकर, नॅशनल फॉरेस्ट सांभाळणाऱ्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे १९.३ कोटी एकर, आणि त्यातल्या बहुतेक जमिनीवर लायसन्स घेऊन कोणीही चालत जाऊ शकतो. नकाशावर बीएलएम पिवळं, नॅशनल फॉरेस्ट हिरवं, राज्याची जमीन निळी. निळ्या रंगाला कोलोराडोत फसू नका, इथे स्टेट ट्रस्टची जमीन आपोआप खुली नसते, ज्या तुकड्यांवर राज्याच्या वन्यजीव खात्याने परवानगी घेतलीय तेवढेच खुले. फोनवर ऑनएक्स किंवा तसलं एखादं अ‍ॅप ठेवा, ऑफलाइन नकाशे घरूनच उतरवून घ्या, आणि सॅकमध्ये चढ-उतार दाखवणारा कागदी टोपो नकाशा आणि होकायंत्र ठेवाच, कारण थंडीत फोनची बॅटरी बघता बघता बसते.

एटीव्ही न वापरता पायी जाण्याचा फायदा कुठे होतो ते बघा. फॉरेस्ट सर्व्हिस मोटर व्हेइकल यूज मॅप नावाचा नकाशा फुकट देते, त्यात कुठल्या रस्त्यावर कुठली गाडी चालते ते दिलेलं असतं. तो घेऊन मी प्रत्येक चालू रस्त्याच्या दोन्ही बाजूला पेन्सिलने एक मैलाचा पट्टा भरतो आणि कोरं राहिलेलं बघतो. ओरेगॉनमधल्या स्टार्कीच्या प्रायोगिक जंगलात एल्कवर वर्षानुवर्षं अभ्यास झालाय, त्यात एल्क वाहतुकीच्या रस्त्यांपासून लांब राहतात हे स्पष्ट दिसलंय. पण याचा अर्थ दहा मैल आत जायचं असा घेऊ नका. रस्त्यापासून मैलभरावर पण मधे एखादी खडी, पडलेल्या झाडांनी भरलेली सोंड असेल तर पुष्कळ लोक तिथे जातच नाहीत, आणि आपल्या ओझ्याच्या हिशोबात ती जागा चपखल बसते. गेट लावून बंद केलेले जुने लाकूडतोडीचे रस्ते तर सोनं आहेत, चालायला सपाट आणि गाड्यांना बंदी. अशा रस्त्यावर दोन चाकांची हातगाडी चालत असेल तर निम्मं काम हलकं होतं. मात्र वाइल्डरनेस म्हणून घोषित केलेल्या भागात १९६४ च्या कायद्याने सायकलही चालत नाही आणि ती हातगाडीही नाही, तिथे फक्त पाय आणि घोडे. शेजारच्या वायोमिंगमध्ये तर बाहेरच्या राज्यातल्या माणसाला वाइल्डरनेसमध्ये मोठ्या सावजाची शिकार गाईड किंवा स्थानिक सोबती घेतल्याशिवाय करताच येत नाही, हे पेट्रोल जाळायच्या आधी माहीत असलेलं बरं.

खाजगी जमिनीच्या कडा घरूनच बघून ठेवा. बुद्धिबळाच्या पटासारखे सरकारी आणि खाजगी चौकोन जिथे कोपऱ्याला कोपरा लावून असतात तिथे एका सरकारी चौकोनातून दुसऱ्यात पाय टाकावा की नाही हा वाद खूप वर्षं चालला, २०२५ मध्ये दहाव्या सर्किट कोर्टाने (काही राज्यांसाठीचं फेडरल अपील कोर्ट) खाजगी जमिनीला पाय न लावता कोपरा ओलांडणाऱ्या शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. कोलोराडो त्या सर्किटमध्ये येतं, मोंटाना येत नाही.

आता वारा. एल्क दिसलं नाही तर चालतं, पण त्याला आपला वास लागला की तो दिवस गेला. डोंगरात पहाटे थंड हवा उताराने खाली वाहते, ऊन चढलं की जमीन तापून तीच हवा वर निघते आणि संध्याकाळी सावली पडली की पुन्हा खाली. म्हणून पहाटे मी खालच्या अंगाने वर सरकतो, नऊ-दहाच्या सुमाराला हवा फिरायच्या आत धारेवर पोचतो आणि मग वरून काम करतो. पावडरची छोटी बाटली खिशात ठेवा आणि दर पाच-दहा मिनिटांनी एक फुसका मारून बघा पावडर कुठे जातेय ते. फिरण्याच्या वेळी ती गोल गोल घुटमळते, तेव्हा जागेवर बसून राहायचं. सकाळी चरून झाल्यावर कळप उत्तरेकडच्या दाट, अंधाऱ्या झाडीत बसायला जातो. त्यामुळे उजाडताना कुरणांच्या कडेला दुर्बीण लावून बसायचं आणि कळप कुठल्या खिंडीतून आत जातो ते बघायचं. ताज्या लेंड्या ओल्या, चकचकीत असतात, त्या दिसल्या की पावलं निम्मी करा.

गोळी टेकून मारा, सॅकवर, झाडावर, कशावरही, आणि धारेच्या माथ्यावर आभाळाला लागून उभ्या असलेल्या जनावरावर कधीच मारू नका, पलीकडे कोण आहे दिसत नाही. मारल्यावर जनावर दिसेनासं झालं तर निदान अर्धा तास बसून राहायचं. घाईने मागे गेलं की जखमी एल्क उठून दोन मैल पळतं, मग ओझ्याचं गणितही गेलं आणि त्या जिवाचे हालही झाले.

सापडलं की आधी लायसन्सबरोबर मिळालेल्या टॅगवर सही-तारीख, मग सुरी. मी पोट न फाडता मांस काढतो. जनावर कुशीवर ठेवायचं, वरच्या अंगाचा पाय दोरीने झाडाला ताणून बांधायचा, शेपटीपासून मानेपर्यंत पाठीच्या कण्यावरून एक चीर द्यायची आणि कातडं पोटाकडे सोलत न्यायचं. पुढचा पाय धडाला सांध्याने जोडलेलाच नसतो, नुसत्या स्नायूवर असतो, तो उचलून खालून सुरी फिरवली की अख्खा खांदा हातात येतो, पहिल्यांदा केलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. मग कण्यालगतची पाठीची लांब पट्टी, मानेचं मांस, मग मांडी, तिथे मात्र खुब्याचा गोळा शोधून त्याच्याभोवती कापावं लागतं. आतली टेंडरलॉइन, म्हणजे कण्याखालची मऊ मांसाची पट्टी, शेवटच्या बरगडीमागून कोथळा हाताने दाबून काढता येते. मग जनावर उलटवून दुसरी बाजू. मांस वाया घालवणं इथे गुन्हा आहे, आणि जनावर नर की मादी याचा पुरावा एका मांडीला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहू द्यावा लागतो, तो चुकून कापू नका.

मांसाचा खरा शत्रू उष्णता. सप्टेंबरात मांडीच्या हाडाजवळची गरमी निघाली नाही तर आतून आंबतं, म्हणून कातडं लगेच काढायचं आणि उकाडा असेल तर हाडही जागेवरच. हवा जाईल अशा कापडी गेम बॅगा वापरा, प्लॅस्टिक अजिबात नको. पिशव्या सावलीत, उत्तरेकडच्या उतारावर, धडापासून निदान शंभर यार्ड लांब टांगा, कारण अस्वल आधी आतड्यांकडे जातं. वायोमिंगचा वायव्य भाग किंवा मोंटाना असेल तर तिथे ग्रिझली अस्वलं आहेत, परत येताना आवाज करत या, बेअर स्प्रे हाताशी ठेवा आणि मांसावर अस्वल बसलेलं दिसलं तर मांस त्याचं.

मी आणि माझा मित्र एकदा संध्याकाळी मादी मारून रात्री अकराला पहिलं ओझं घेऊन उतरलो होतो, हेडलॅम्पच्या उजेडात ओंडके ओलांडत, आणि त्या रात्रीपासून ट्रेकिंग पोल आणि जादा बॅटरी माझ्या यादीत सगळ्यात वर आहेत. सॅटेलाइट मेसेंजर घ्या आणि घरी लिहून द्या कुठल्या ट्रेलहेडला, म्हणजे पायवाट सुरू होते तिथे, गाडी आहे ते. ओझं उतरवताना सॅकवर नारिंगी कापड बांधा, शिंगं घेऊन झाडीतून चालणारा माणूस लांबून काय दिसेल याचा विचार करा. गाडीत बर्फाने भरलेले कूलर आधीच तयार पाहिजेत.

फेऱ्यांचा क्रमही सांगतो. आधी मांड्या, सगळ्यात जड आणि आंबायची भीती सगळ्यात जास्त, आणि तेव्हा पायात जोर असतो. मग खांदे. त्यानंतर पाठीच्या पट्ट्या, मान, बरगड्यांमधलं मांस. डोकं आणि शिंगं सगळ्यात शेवटी, सगळं मांस कूलरमध्ये गेल्यावरच. डोकं फेकायचं नाही, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणवर्गातल्या जनावरांचा जीवघेणा रोग पहिल्यांदा कोलोराडोतच १९६७ मध्ये दिसला, डोक्यातल्या गाठींचा नमुना तपासायला द्यायचा आणि रिपोर्ट येईपर्यंत मांस पॅकेटवर खूण करून फ्रीझरमध्ये वेगळं ठेवायचं. पॉझिटिव्ह आलं तर खायचं नाही.