नववर्षाची ऑनलाइन कार्ड गेम स्पर्धा: वेळापत्रकापासून टॉप आठपर्यंत

डिजिटल कार्ड गेमच्या समूहात नववर्षाच्या स्पर्धेची गोष्ट निघाली की आधी वाद रंगतो फॉरमॅटवर (कोणती कार्डं आणि कोणते नियम चालतील यावर) आणि बक्षिसांवर. स्पर्धा फसते ती मात्र घड्याळापायी. म्हणून तारीख आणि वेळ आधी पक्की करा, नियम नंतर लिहा.

31 डिसेंबर सरळ बाद करा. अनेक गेममध्ये रँकचा सीझन महिन्याबरोबर संपतो. हार्थस्टोन आणि मॅजिक अरिना ही त्यातली ठळक नावं. त्यामुळे तुमचे सगळ्यात चांगले खेळाडू त्या दिवशी शेवटची रँक गाठायला लॅडरवर, म्हणजे गेममधल्या क्रमवारीच्या सामन्यांत, घाम गाळत असतात. 1 जानेवारीला अर्धे लोक झोपेत आणि उरलेले पाहुण्यांत. नव्या वर्षातला पहिला शनिवार बरा. तो 1 किंवा 2 तारखेलाच येत असेल तर पुढचा धरा.

जाहिरातीत नुसतं ‘रात्री 12 वाजेपर्यंत नावनोंदणी’ असं कधीही लिहू नका. कोणाच्या रात्रीचे 12, आणि तारीख सुरू होतानाचे की संपतानाचे? एकच तारीख जगात कुठे ना कुठे 50 तास चालू असते, कारण सगळ्यात पुढचं घड्याळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) अधिक 14 तासांवर आणि सगळ्यात मागचं उणे 12 वर चालतं. त्यामुळे वेळ यूटीसीमध्ये द्या आणि मुदत 23:59 अशी लिहा, म्हणजे तारखेचा घोळ होत नाही. समूह डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर असेल तर त्यातला टाइमस्टॅम्प वापरा. वाचणाऱ्याला तो आपोआप त्याच्या घड्याळाप्रमाणे दिसतो. सुरुवात 15:00 यूटीसीला ठेवली तर भारतात रात्रीचे साडेआठ, लंडनमध्ये दुपारचे तीन, न्यूयॉर्कमध्ये सकाळचे दहा. सिडनीत मात्र पहाटेचे दोन! सगळ्यांना सोयीची वेळ नसतेच. कोणाची गैरसोय होणार ते आधीच सांगून टाका, पुढच्या स्पर्धेत त्यांची पाळी आधी लावा.

आता आकडे. स्विस पद्धतीत कोणी हरून बाद होत नाही, दर राउंडला साधारण सारख्या गुणांचे खेळाडू एकमेकांशी खेळतात. तीत 9 ते 16 खेळाडूंना 4 राउंड लागतात, 17 ते 32 ला 5, 33 ते 64 ला 6. सुट्टीच्या दिवसांत नाव देणारे सगळे येत नाहीत. 40 नावं आली तर 30 धरून आखणी करा. तीनपैकी दोन डाव जिंकायचे असतील तर सामन्याला 50 मिनिटं आणि पुढच्या पेअरिंगला (जोड्या लावायला) 10, म्हणजे राउंडला एक तास. 5 राउंडचे 5 तास झाले. त्यावर टॉप आठचे, म्हणजे पहिल्या आठ जणांच्या बाद फेरीचे, तीन सामने चढवले की एकूण 8 तास, आणि इथेच लोक गळतात. स्विस शनिवारी, टॉप आठ रविवारी, अशी फोड करा. एकाच दिवसात उरकायचं असेल तर स्विसमध्ये एकेकच डाव खेळवा. पाहायला ते कमी रंगतदार, पण संपतं तरी वेळेवर.

टॉप आठची रेघ कुठे पडते ते खेळाडूंना आधीच दाखवून द्या. बरोबर 32 खेळाडू, 5 राउंड आणि एकही बरोबरी नाही असं धरलं तर शेवटी एकजण 5-0 (पाच विजय, शून्य पराभव), पाचजण 4-1 आणि दहाजण 3-2 वर असतात. म्हणजे सहा जागा पक्क्या आणि उरलेल्या दोन जागांसाठी दहाजण रांगेत. या दहांचा निकाल टायब्रेकरवर, म्हणजे समान गुणांची कोंडी फोडणाऱ्या निकषावर, लागतो, आणि सगळी भांडणं इथेच होतात. जिंकल्यास 3 गुण, बरोबरीला 1, आणि समान गुण झाले तर प्रतिस्पर्ध्यांची विजयाची टक्केवारी, हा क्रम नियमांत ठळक लिहा. दोन सामने हरून निघून गेलेला खेळाडू ज्यांच्याशी खेळला त्यांची टक्केवारी खाली ओढतो. मॅजिकच्या स्पर्धांत म्हणूनच कोणत्याही प्रतिस्पर्ध्याची टक्केवारी 33 च्या खाली धरत नाहीत. तुम्ही हिशोब स्प्रेडशीटमध्ये करणार असाल तर हा तळ सूत्रात घालायला विसरू नका. चॅलॉंजसारखं स्पर्धा चालवायचं ऑनलाइन साधन स्विसच्या जोड्या लावून देतं, तरी सुरू करण्यापूर्वी त्यातली टायब्रेकरची सेटिंग उघडून नियमांशी ताडून पाहा.

खेळाडूंची संख्या विषम झाली की एकाला बाय जातो, म्हणजे त्या राउंडला न खेळताच विजय मिळतो. पहिल्या राउंडला तो चिठ्ठीने, पुढे सगळ्यात कमी गुणांच्या खेळाडूला, आणि एकाच माणसाला दोनदा कधीच नाही. सुट्टी काढून खेळायला आलेल्याला तासभर रिकामं बसवणं वाईट दिसतं. एखादा संयोजक डेक (खेळायचा कार्डांचा संच) तयार ठेवून बसला असेल तर बाय मिळालेल्याशी मैत्रीचा डाव खेळू शकतो. गुण बायचेच राहतात.

डेकची यादी हाताने टाइप करून घेऊ नका. गेममधून कॉपी केलेला डेक कोडच मागा, अख्खी यादी साठवणारा तो अक्षरांचा तुकडा. हाताने लिहिलेल्या यादीत एखाद्या कार्डाच्या प्रती कमीजास्त होतात, नाहीतर मिळत्याजुळत्या नावाचं भलतंच कार्ड घुसतं. कोड खाजगी फॉर्ममध्ये घ्या, मुदत सुरुवातीच्या 24 तास आधीची ठेवा आणि प्रत्येक कोड गेममध्ये पेस्ट करून डेक फॉरमॅटला चालतो का ते बघा. मुदत संपली की सगळ्या याद्या एकाच वेळी उघड करा. उघड्या याद्यांनी चुरस कमी होते असं काहींना वाटतं. पण तसं केलं नाही तर ज्याचे चार मित्र स्पर्धेत आहेत त्याला सगळं कळतं आणि एकट्याने आलेल्याला काहीच नाही. सामन्यात यादीपेक्षा वेगळा डेक निघाला तर एक डाव गेला, एवढीच शिक्षा द्या. चूक बहुतेक वेळा जुना डेक निवडल्याची असते, थेट बाद करण्याइतकी नसते.

चेक-इन (हजेरी) 30 मिनिटं आधी उघडा, 10 मिनिटं आधी बंद करा. नाव दिलंय पण चेक-इन नाही, तर जोडीत घेऊ नका. पहिल्या राउंडच्या निम्म्या कटकटी एवढ्याने टळतात. राउंड सुरू झाल्यावर 10 मिनिटांत प्रतिस्पर्धी आला नाही तर पहिला डाव गेला, 15 मिनिटांत नाही तर सामना. 50 मिनिटं झाली की नवा डाव सुरू करायचा नाही. चालू डाव संपवा, 1-1 असेल तर बरोबरी. टॉप आठमध्ये बरोबरी चालत नाही, तिथे वेळेची मर्यादा काढून टाका.

निकाल जिंकणाऱ्याने कळवायचा, शेवटच्या स्क्रीनशॉटसह, आणि हरणाऱ्याने त्यावर होकार द्यायचा. इंटरनेट तुटलं तर गेमने जो निकाल दाखवला तोच खरा. सर्व्हरच बसला तरच डाव पुन्हा. यात दयामाया दाखवू नका, नाहीतर हरत आलेल्या प्रत्येकाचं वायफाय नेमकं तेव्हाच जातं.

बक्षिसांबद्दल दोनच गोष्टी. प्रवेश शुल्क घेऊ नका, कारण पैसे लावून खेळण्याचे कायदे देशागणिक वेगळे आहेत. आणि गिफ्ट कोड खाजगी संदेशातच पाठवा. जाहीर टाकलेला कोड विजेत्याच्या आधी दुसराच कोणीतरी वापरतो. काही कोड ठरावीक प्रदेशातच चालतात, तेव्हा विजेत्याचं खातं कुठलं ते आधी विचारा. सगळे राउंड खेळून संपवणाऱ्यांतून चिठ्ठीने एक बक्षीस ठेवलंत तर दोन सामने हरलेलेही टिकतात आणि टायब्रेकर बिघडवणारी गळती थांबते.

स्पर्धेच्या जोडीला ‘वर्षातला डेक’ असं मतदान घेणार असाल तर एक सापळा आहे: लोकांना डिसेंबरचेच डेक आठवतात. आधी महिनावार गाजलेल्या डेकची यादी टाका, मग नावं मागवा. डिस्कॉर्डच्या पोलमध्ये दहाच पर्याय मावतात, म्हणून अंतिम यादी तेवढीच ठेवा आणि एकापेक्षा जास्त पर्याय निवडायची मुभा द्या. नाहीतर एकाच डेकच्या दोन आवृत्त्यांत मतं फुटतात आणि तिसराच निवडून येतो.

गुपचूप डेक भेट देण्याचा खेळही या दिवसांत चांगला रंगतो. प्रत्येकाने दुसऱ्यासाठी डेक बांधायचा, त्याच्याकडे असलेल्या कार्डांतून. त्यासाठी प्रत्येकाकडून दोन गोष्टी घ्या: संग्रहाचा स्क्रीनशॉट किंवा यादी, आणि नवीन दुर्मीळ कार्डं किती बनवायची तयारी आहे तो आकडा. जोड्या चिठ्ठ्यांनी लावू नका, त्यात स्वतःचीच चिठ्ठी निघते. नावांची यादी एकदा पिसा आणि प्रत्येकाने आपल्या खालच्याला द्यायचं, शेवटच्याने पहिल्याला. मधला कोणी गळाला तर त्याच्या वरच्याला खालच्याचं नाव कळवायचं, बाकी कोणाला हात लावावा लागत नाही. गळती अगदी शेवटच्या दिवशी झाली तर वरच्याला नवा डेक बांधायला वेळ उरत नाही, म्हणून संयोजकाने दोन साधे, स्वस्त डेक आधीच बांधून ठेवावेत.