‘धरणातून पाणी सोडलंय’: सोसायटीच्या ग्रुपवर पाठवण्याआधी

जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात मुठेकाठच्या प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज एकदा तरी येतोच. कधी खरा, कधी गेल्या वर्षीचा, कधी दुसऱ्याच नदीचा. फॉरवर्डचं बटण दाबायला दोन सेकंद लागतात, तपासायला दहा मिनिटं. ही दहा मिनिटं नेमकी कशी वापरायची ते पुढे दिलं आहे.

एक गोष्ट मात्र त्याच्याही आधी. तपासणी मेसेज पुढे पाठवण्यासाठी असते, स्वतःची गाडी हलवण्यासाठी नाही. घर नदीलगत सखल भागात असेल आणि शंका आली, तर आधी गाडी वर काढा, मग तपासत बसा. मेसेज खोटा निघाला तर नुकसान एका फेरीच्या पेट्रोलचं. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं ते पहाटे, लोक झोपेत असताना. खात्री होईपर्यंत थांबू म्हणणाऱ्याला पाणी तेवढा वेळ देतंच असं नाही.

आता मेसेज. पहिली नजर बाणावर टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर दुहेरी बाण आणि ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण असेल, तर तो पाच किंवा अधिक हात फिरून आलेला असतो. याचा अर्थ तो खोटाच असतो असं नाही. पण त्यातलं ‘आत्ता’ कोणाचं आणि कधीचं, हे मेसेजवरून कळणं शक्य नाही. त्यावर दिसणारी वेळ तो तुमच्या ग्रुपवर टाकल्याची असते, लिहिल्याची नव्हे.

मग चार गोष्टी शोधा: कोणतं धरण, किती क्युसेक, किती वाजल्यापासून, कोणी कळवलं. जलसंपदा विभागाच्या सूचनेची भाषा ठरलेली, काहीशी रुक्ष असते: धरणाच्या सांडव्याद्वारे मुठा नदीपात्रात सुरू असलेला विसर्ग अमुक वाजता वाढवून इतके क्युसेक करण्यात येत आहे, पावसाच्या प्रमाणानुसार व येव्यानुसार त्यात बदल होऊ शकतो. ‘विसर्ग’ म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी, ‘येवा’ म्हणजे धरणात येणारं. ज्या मेसेजमध्ये तास नाही आणि उद्गारचिन्हं पाच आहेत, तो तिथेच बाजूला ठेवा. तारखेत वर्ष आहे ना, तेही बघा. ‘२५ जुलै’ दरवर्षी येते.

सगळ्यात जास्त घोळ धरणाच्या नावात होतो. पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणं खडकवासल्याच्या वरच्या बाजूला आहेत. त्यांचं पाणी आधी खडकवासल्यात येतं. त्यामुळे ‘पानशेतचे दरवाजे उघडले’ ही बातमी खरी असली तरी शहरातल्या मुठेसाठी बघायचा आकडा खडकवासल्याच्या विसर्गाचाच. पवना धरणातून सोडलेल्या पाण्याची चिंता पिंपरी-चिंचवड, सांगवी, दापोडीने करायची. मुळशीच्या पाण्याची बाणेर, बालेवाडी, औंधने. मुळा-मुठेच्या संगमाच्या खाली मात्र, ताडीवाला रस्त्याच्या बाजूला, तिन्हींचं पाणी एकत्र येतं. तिथे राहणाऱ्यांनी तिन्ही आकडे बघावेत.

आकडा शक्यतेत बसतो का, हे कॅल्क्युलेटरवर बघता येतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. दहा हजार क्युसेकचा विसर्ग सलग चोवीस तास चालला तर ०.८६ टीएमसी पाणी जातं. म्हणजे ‘आज खडकवासल्यातून १० टीएमसी सोडणार’ असं कोणी लिहिलं तर ते दिवसभर सलग एक लाख पंधरा हजार क्युसेकहून जास्त होतं. लिहिणाऱ्याने साठा आणि विसर्ग यांची गल्लत केली आहे. क्युमेक दिसला तर जास्तच सावध राहा. तो सेकंदाला एक घनमीटर असतो, एक क्युमेक म्हणजे ३५.३ क्युसेक.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. खडकवासल्याची क्षमता जेमतेम १.९७ टीएमसी आहे, चारही धरणांची मिळून सुमारे २९. येवा ३५ हजार क्युसेक असेल तर अगदी रिकामं खडकवासला सोळा तासांच्या आत काठोकाठ भरेल, आणि ऐन पावसाळ्यात ते रिकामं कुठलं असायला? म्हणून इथला विसर्ग काही तासांत पाच हजारांवरून तीस हजारांवर जाऊ शकतो. सकाळी तपासलेला खरा मेसेज संध्याकाळी शिळा झालेला असतो.

फोटो किंवा व्हिडिओ असेल तर गुगल लेन्समध्ये टाका. व्हिडिओतल्या तीन-चार चौकटींचे स्क्रीनशॉट घ्या, विशेषतः पूल, पाटी किंवा दुकान दिसेल तिथले. जुना फोटो बहुतेक वेळा लगेच सापडतो. फाइलच्या आतली तारीख शोधायच्या भानगडीत पडू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून ती माहिती निघून गेलेली असते. भिडे पूल पाण्याखाली गेल्याचा फोटो बघून घाबरायचं कारण नाही. तो पूल मुळातच ठेंगणा, दर पावसाळ्यात बुडी मारतो. एआयने बनवलेल्या व्हिडिओत पाट्यांवरचं देवनागरी बिघडलेलं असायचं, पण ही खूण आता भरवशाची उरलेली नाही. त्याऐवजी जागा ओळखा आणि तिथे राहणाऱ्या एखाद्याला फोन लावा. पन्नास फॉरवर्डांपेक्षा म्हात्रे पुलाजवळच्या मावशींनी गॅलरीतून बघून सांगितलेलं जास्त कामाचं.

चॅटबॉटला ‘आत्ता विसर्ग किती’ असं विचारणं टाळा. तो गेल्या पावसाळ्यातली बातमीही आत्मविश्वासाने आजची म्हणून सांगू शकतो. विचारलंच तर मूळ दुवा मागा, तो उघडा, त्यावरची तारीख आणि तास स्वतः वाचा. खात्री करण्यासाठी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ क्रमांक आहे. जीव धोक्यात असेल तर थेट ११२.

एवढं करून मेसेज खरा ठरला, तर फॉरवर्ड करू नका, स्वतः लिहा. ‘खडकवासला विसर्ग, आज १४ ऑगस्ट, अमुक साल, दुपारी ४ पासून, अमुक क्युसेक. जलसंपदाची सूचना, मी ३.२० ला वाचली. बी विंगच्या बेसमेंटमधल्या गाड्या ५ पर्यंत वर घ्या. पुढची माहिती ६ वाजता देईन.’ खाली स्वतःचं नाव. नाव लिहायचं म्हटलं की माणूस आकडा पुन्हा एकदा तपासतोच. नंतर वॉचमनकाकांना तोंडी सांगा आणि तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांची दारं वाजवा, ते ग्रुप बघत नाहीत. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा. तळमजल्यावरच्या मीटरचा मुख्य स्विच पाणी यायच्या आधीच बंद करायचा. पाण्यात उभं राहून त्याला हात लावायचा नाही.

चूक झाली तर गुपचूप डिलीट करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पंधरा मिनिटांपर्यंत मेसेज दुरुस्त करता येतो, पण लोकांनी पुढे धाडलेल्या प्रती तशाच फिरत राहतात. मूळ मेसेजलाच उत्तर म्हणून ‘वरची माहिती चुकीची होती, बरोबर आकडा हा’ असं लिहा आणि जिथे जिथे पाठवलं तिथेही टाका. आपत्तीची खोटी सूचना पसरवून घबराट केली, तर आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५४ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. सदस्याने टाकलेल्या मजकुराबद्दल केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणाला गुन्हेगार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. तरीही रात्री अकरानंतर ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनने लिहायचं, अशी सेटिंग विसर्गाच्या दिवसांत करून ठेवावी. नाहीतर खरी सूचना शुभरात्रीच्या गुलाबांखाली गाडली जाते. अ‍ॅडमिनने मग फोनचा आवाज चालू ठेवून झोपायचं, हे ओघानं आलंच.

आणि विसर्ग कमी झाला की तेही कळवा, तितकंच तपासून, त्याच नावाने. नाहीतर तीन दिवसांनंतरही निम्म्या गाड्या रस्त्यावर उभ्या असतात, आणि पुढच्या वेळी ‘गाड्या काढा’ म्हटल्यावर कोणी जागचं हलत नाही.